एक्स्पोसितो, आणि धरणाखालचं आजोळ

लेकीच्या लग्नाची शीट मी साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच उघडली. अकरा टॅब. पाहुणे, हॉल, जेवण, गुरुजी, एअरपोर्टवरून आणणं-सोडणं, आणि प्रत्येक कामासमोर कोणी, कधीपर्यंत, झालं की नाही. बायको मागून डोकावली आणि म्हणाली, "अरे, लग्न लावतोयस की सॉफ्टवेअर रिलीज करतोयस?"

मी याद्या करणारा माणूस आहे. सव्वीस वर्षं न्यू जर्सीत काढली, ती सगळी याद्यांवर. यादीत रिकामा रकाना राहिला की मला चैन पडत नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं या सवयीमुळे झालं.

मुलाचं आडनाव एक्स्पोसितो. घराणं क्युबातून आलेलं, त्याआधी स्पेनमधून. मुलगा इथलाच, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो, माझ्या लेकीपेक्षा बरा स्वयंपाक करतो. सासूबाईंचा पुण्याहून फोन आला.

"आडनाव काय म्हणालात?"

सांगितलं.

"म्हणजे कुठले हे?"

"बघून सांगतो."

हा प्रश्न आपल्याकडे श्वासासारखा येतो. आडनावावरून गाव, गावावरून घराणं, घराण्यावरून कोणीतरी ओळखीचं. मीही त्याच हिशेबाने एका वेबसाइटवर आडनाव टाकलं. नकाशा आला. स्पेनचा दक्षिण भाग गडद, मग अर्जेंटिना, क्युबा, फिलिपीन्समध्ये फिकट ठिपके. खाली लिहिलं होतं की नेपल्सकडे या आडनावाचं इटालियन भावंड इतकं आहे की मोजदाद नाही, आणि ते न्यू जर्सीतही भरपूर आहे. त्याखाली अर्थ. मूळ लॅटिन शब्द, बाहेर ठेवलेला. चर्चच्या पायरीवर, अनाथालयाच्या दारात ठेवून दिलेल्या मुलांना हे आडनाव द्यायचे. काही ठिकाणी भिंतीतच एक लाकडी फिरतं पिंप बसवलेलं असायचं. बाहेरून बाळ ठेवायचं, फिरवायचं, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. आतल्या माणसाला बाहेरचा चेहरा दिसायचा नाही. पुढे कायद्याने आडनाव बदलायची मुभा मिळाली. पुष्कळांनी बदललं. ज्यांनी नाही बदललं, ते ठिपके नकाशावर होते.

मी पुन्हा नकाशाकडे पाहिलं. मघाशी मला ते एका गावातून पसरलेलं घराणं वाटलं होतं. तसं नव्हतं. या आडनावाची दोन माणसं भेटली तर ती एकमेकांची कोणी असतील असं नाही. प्रत्येकाचं घराणं वेगळ्या दारात सुरू झालेलं. जिथे रंग गडद, तिथे जास्त वेळा कोणीतरी काहीतरी खाली ठेवून मागे न बघता गेलेलं.

सासूबाईंना फोन करून सांगितलं, "स्पेनचे आहेत. जुनं घराणं आहे." खोटं बोलायला मला वेळ लागला नाही. सराव होता.

माझी आई म्हणायची, माझं माहेर धरणाखाली आहे. मे महिन्यात वर्गातली सगळी मुलं आजोळी जायची, आम्ही घरीच. मी हट्ट धरला की ती सांगायची, यंदा पाणी उतरलं नाही रे. उतरलं की देवळाचा कळस दिसतो, मग जाऊ. देवळाला सात पायऱ्या होत्या. पायऱ्यांशी कडुनिंब होता. नदीकडून वारा आला की लिंबोळ्या पायऱ्यांवर पडायच्या. मी ते देऊळ इतक्या वेळा ऐकलं की आजही डोळे मिटून चढू शकेन.

आई गेली त्यानंतर आठवड्याभराने तिची ट्रंक आवरताना एक घडीचा कागद सापडला. अनाथाश्रमाचा दाखला. मुलगी, वय अंदाजे आठ दिवस, फाटकापाशी ठेवलेली आढळली. नाव आश्रमाने ठेवलेलं, आडनाव तिथल्या अधीक्षक बाईंचं. वडील पलंगावर बसले होते. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "धरण मी सुचवलं होतं. लग्न ठरल्यावर लोक तिचं माहेर विचारायला लागले. तेव्हा नुकतंच पाणी अडवलं होतं, शोधायला कोणी जाणार नव्हतं." मग म्हणाले, "देऊळ मात्र तिने आपणहून घातलं."

मी कागद अमेरिकेत घेऊन आलो आणि फाइलच्या कपाटात ठेवला. बायकोला सांगितलं नाही. आईची लाज वाटली म्हणून नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं काय होतं ते मलाही नक्की ठाऊक नाही.

तिथे थांबलो असतो तर ठीक होतं. लेक चौथीत असताना शाळेत फॅमिली ट्रीचं पोस्टर करायचं होतं. रविवार संध्याकाळ, सोमवारी द्यायचं. माझ्या आईच्या बाजूला तीन चौकोन रिकामे. लेक मार्कर उघडून बसलेली. मी तीन नावं सांगितली. आईचे वडील, त्यांचे वडील, त्यांचे वडील. तिने विचारलं, हे काय करायचे? पहिले शाळामास्तर, मी म्हणालो. दुसरे पैलवान, एका पायाने जरा अधू. तिसऱ्यांनी देऊळ बांधलं. तिने तिघांनाही मिशा काढल्या.

त्या दिवसापासून ते तिघे आहेत. लेक अधूनमधून त्यांची चौकशी करायची, आणि मी प्रत्येक वेळी थोडी भर घालायचो, कारण आधीचं आणि नंतरचं जुळलं पाहिजे. मास्तरांना चष्मा आला. पैलवानाला दम्याचा त्रास झाला. हळूहळू मला ते न विचारता दिसायला लागले. गाडी रिव्हर्स घेताना, तळघरात वॉशर लावताना, मागे कोणीतरी आलंय असं वाटायचं. तिघे, गुडघाभर पाण्यात. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण त्यांना मीच बोलावलं होतं, त्यामुळे विश्वासाचा प्रश्न नव्हता.

आता लेकीने लग्नाच्या वेबसाइटवर दोन्ही घराण्यांचा नकाशा केला. एका बाजूला स्पेन, दुसऱ्या बाजूला कुठूनतरी उचललेला फोटो: धरणाचं पाणी आणि वर आलेला कळस. खाली इंग्रजीत, बाबाच्या आईचं गाव. मे महिन्याची तिकिटंही काढली. नवऱ्याला घेऊन ती धरणावर जाणार, पाणी उतरलं असेल तर पायऱ्या बघणार.

त्याच आठवड्यात गुरुजींचा फॉर्म आला. आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार डेटाबेस सांभाळतात, शनिवार-रविवार लग्नं लावतात. त्यांचा फॉर्म माझ्या तोडीचा असतो. लग्नाआधी नांदीश्राद्ध असतं, म्हणजे कार्याला आशीर्वाद द्यायला पितरांना बोलवायचं. त्यासाठी वडिलांकडच्या तीन पिढ्या, आई-आजी-पणजी अशा तीन, आणि आईच्या माहेरच्या तीन. गोत्रासह. पुन्हा तेच तीन रकाने. मी तीच तीन नावं टाइप केली आणि सबमिट केलं. चौथीच्या पोस्टरवर असणं वेगळं. आता त्यांना पाणी सोडून, मंत्र म्हणून बोलवायचं होतं.

हॉलच्या टॅबमध्ये आणखी एक रिकामी जागा होती, पण ती आमच्याकडची नव्हती. मुलाकडून चाळीस खुर्च्या मागितल्या होत्या आणि नावं एकोणचाळीस. मी होणाऱ्या जावयाला फोन लावला.

"अंकल, ती आजीची खुर्ची आहे."

"आजींचं नाव पहिल्याच ओळीत आहे."

"तिच्यासाठी नाही. तिने मागितलेली. तुम्ही या ना घरी, तीच सांगेल."

म्हणून बायको आणि मी आयसेलिनच्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून साडी आणि पेढे घेऊन त्याच्या आजींकडे गेलो. नदीकाठच्या टेकडीवर जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, खिडकीतून पलीकडे मॅनहॅटन. आजी लहानखुऱ्या, नखांना लाल रंग, आवाज चढा. त्या स्पॅनिशमध्ये बोलायच्या आणि जावई आम्हाला इंग्रजीत सांगायचा.

मी खुर्चीचं विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. त्यांच्या नवऱ्याच्या आजोबांना स्पेनमध्ये भिंतीतल्या त्या पिंपात ठेवलं होतं. मोठे होऊन ते क्युबात आले. बरोबरच्या लोकांनी आडनावं बदलली, यांनी नाही.

"ते म्हणायचे," जावई म्हणाला, "की मी नाव बदललं आणि आई शोधायला आली तर मी सापडणार कसा?"

बायको पटकन म्हणाली, "पण तिथल्या सगळ्याच मुलांचं तेच नाव होतं ना?"

जावयाने सांगितल्यावर आजींनी टेबलावर हात आपटला. हसताना त्यांना खोकला लागला. "त्यांची बायको हेच म्हणायची! म्हणायची, वेड्या, तिला अर्धं गाव सापडेल!"

मग त्यांनी खुर्चीचं सांगितलं. त्यांच्या घरातल्या प्रत्येक लग्नात दाराजवळची एक खुर्ची त्या आईची असते. आली तर उभं राहायला नको. एवढंच.

"तुमच्याकडे कोण आहे असं?" त्यांनी मला विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत बायको म्हणाली, "ह्याचं तर अख्खं आजोळ पाण्यात गेलंय." आणि तिने सगळं सांगितलं. सात पायऱ्या, कडुनिंब, मास्तर, पैलवान. जावई एकेक वाक्य स्पॅनिशमध्ये करत होता. आजींनी छातीवर क्रूस काढला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांचे डोळे भरले होते. मी एका न बुडालेल्या गावाचं सांत्वन घेत बसलो होतो, आणि ज्या बाईने खरंच फाटकापाशी मूल ठेवलं तिच्यासाठी त्या खोलीत कोणी काही म्हणालं नाही. म्हणणार कसं? ती कोणाला माहीतच नव्हती.

परतताना टर्नपाइकवर बायको म्हणाली, "केवढा गप्प झालास." मी म्हणालो, ट्रॅफिक आहे.

पुढच्या रविवारी सकाळी मी हॉलचा टॅब उघडला. आमच्या बाजूला, दाराजवळ, एक खुर्ची वाढवली. नावाच्या रकान्यात काही लिहिलं नाही. शीट सगळ्यांना शेअर केलेली. दहा मिनिटांत लेकीचा फोन आला.

"बाबा, तू एक सेल ब्लँक ठेवलायस. आर यू ओके?"

"तू घरी येतेस का?"

ती दुपारी आली. मी कपाटातून कागद काढून डायनिंग टेबलवर ठेवला. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. तिच्या आईने आधी वाचला.

"वेट," लेक म्हणाली. "मग ते तिघे?"

"ते मी केले."

"केले म्हणजे?"

"सोमवारी पोस्टर द्यायचं होतं."

"बाबा, आय प्रेझेंटेड देम! अख्ख्या वर्गासमोर. मी रडले होते त्या गावासाठी. अँड द लिंप? तो पायसुद्धा खोटा?"

"पायसुद्धा."

बायको उठली आणि सिंकमधली भांडी हाताने घासायला लागली, डिशवॉशर रिकामा असताना. पाठमोरीच म्हणाली, "आईंनी मला लिंबोळ्यांचं सांगितलं होतं. मी त्यांच्याजवळ बसून ऐकलंय. एकदा सांगायचंस तरी." मग दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. त्यात माझी तक्रार नाही.

लेक कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत होती. "आठ दिवस," ती म्हणाली. "म्हणजे आठ दिवस तिने ठेवून घेतलं होतं आजीला."

इतकी वर्षं तो कागद माझ्याकडे होता. मला त्यात फाटक दिसलं होतं. आठ दिवस दिसले नव्हते.

गुरुजींना मी फोन करून नावं मागे घेतली. कारणही सांगितलं. ते म्हणाले, "काका, गोत्र माहीत नसेल तर कश्यप घेतो. नावं माहीत नसतील तर ज्ञाताज्ञात म्हणतो. नवऱ्या मुलालाही कश्यपच लावलंय. तुम्ही एकटे नाही हो, दर सीझनला चार-पाच असतात."

लग्नाच्या दिवशी दोन्ही खुर्च्या दाराशी होत्या. आमचे एक काका उशिरा आले आणि एका खुर्चीवर कोट ठेवून दुसरीवर बसायला लागले, तर आजींनी स्पॅनिशमध्ये त्यांना असं काही झापलं की काका न कळताच उठून तिसऱ्या रांगेत गेले. नांदीश्राद्ध त्याआधी सकाळी आटोपलं होतं. आईच्या माहेरच्या ओळीला गुरुजी ज्ञाताज्ञात म्हणाले, मी पळीने पाणी सोडलं आणि सवयीने मागे पाहिलं. मागे लेक मुंडावळ्या सावरत उभी होती. तिच्यामागे दार, आणि पार्किंग लॉटमधलं ऊन.

मे महिन्याची तिकिटं तिने कॅन्सल केली नाहीत. फक्त गाव बदललं. आश्रम अजून आहे, फाटक नवं बसवलंय म्हणतात. मीही जाणार आहे. यादी तयार आहे.

ते तिघे त्यानंतर आले नाहीत. तळघरात वॉशर लावताना मी कधीकधी थांबतो. पैलवानाला जिना चढताना धाप लागायची, ती ऐकू येत नाही.