निवडलेली जांभळं

जोतीरामनं आयुष्यात आंब्याची पेटी वरून कधी बघितली नाही. पेटी पुढ्यात आली की वरचा थर तो हातानं बाजूला सारायचा आणि बोटं थेट खालच्या गवतात घालायचा. जावळीच्या डोंगरातनं एकोणिसाव्या वर्षी तो मुंबईच्या जुन्या बाजारात हमालीला आला. पुढं बाजार वाशीला हलला, तसा तोही त्याच्याबरोबर हलला. पाठीत दम होता तोवर ओझी वाहिली. पाठ थकली तोवर डोळा तयार झाला होता, मग गाळ्यावर मालाची निवड करायला बसला. चाळीस वर्षं फळं त्याच्या बोटांखालून गेली. कुठलं झाडावर पिकलं, कुठलं पिकवलं, कुठलं दोन दिवस बर्फात झोपून आलंय, हे त्याला हात लावताच कळायचं. आणि ह्या कळण्याचा त्याला अभिमान होता. तो त्यानं कधी लपवला नाही.

पण फळं निवडता निवडता तो माणसंही तशीच निवडायला लागला. नेरूळच्या दोन खोल्यांत दूध आलं तरी तो पिशवी उजेडात धरायचा. सोसायटीची नोटीस लागली की ती कुणी लावली, का लावली, आजच का लावली, हे जिन्यात उभं राहून विचारायचा. त्याची बायको बाळाबाई शेजारणीला सांगायची, "ह्यास्नी देवानं परसाद दिला तरी हे आधी उलटा करून बगतील."

ह्याचा सगळ्यात मोठा भार पडला तो त्यांच्या लेकीवर, उज्वलावर. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, चौतीस वर्षांची झाली होती, आणि तिची चार स्थळं आप्पांच्या, म्हणजे जोतीरामच्या निवडीत गळाली होती. एकाच्या दुकानात फरशी फारच स्वच्छ होती, म्हणजे गिऱ्हाईक येत नसणार. दुसरा प्रत्येक गोष्टीला हसत होता. तिसऱ्याच्या घरी सगळे फोटो नवे होते. जुने कुठं गेले? चौथ्यात तर जोतीरामला काहीच खोट सापडली नाही, आणि तेच त्याला खटकलं.

आता पाचवा होता प्रसाद. नावड्याच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला त्याची चाळीसेक जांभळाची झाडं होती. पाटी लावली होती, 'या, तोडा, खा, न्या.' उन्हाळ्यात शहरातली माणसं टोप्या घालून यायची, आपल्या हातानं जांभळं तोडायची, जिभा निळ्या करून घरी जायची. दोन वर्षांपूर्वी वडिलांचं रक्त तपासायला तो लॅबमध्ये यायचा. वडील गेले, तरी तो येत राहिला. स्थळ कुणी आणलं नव्हतं. उज्वलानं स्वतःच सांगितलं होतं.

"तुम्ही हो म्हणाल्याशिवाय मी करणार नाही, आप्पा," ती म्हणाली. "पण ह्या वेळी नाही म्हणालात, तर लग्न हा शब्द ह्या घरात पुन्हा काढायचा नाही. मी चिडून सांगत नाहीये. मला आता थकायला झालंय."

बाळाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. जोतीराम म्हणाला, "बगू. झाड बगितल्याबिगार कसं सांगू?"

*

रविवारी सकाळी तिघं रिक्षातनं उतरली तेव्हा हवेत तळोजाच्या कारखान्यांचा आंबूस वास होता आणि त्याच्या आत, खूप आत, जांभळाचा. फाटकात प्रसाद उभा होता. उंच, काळासावळा, हात कुठं ठेवावेत हे न कळणारा. त्याची आई अरुणा पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"या, बसा. पानी घ्या. लांबशी आलाव."

जोतीरामनं पाणी घेतलं. तांब्याच्या बुडाकडं एक नजर टाकली. मग फाटकाकडं बघितलं. 'या, तोडा'ची पाटी होती तिथंच होती, पण तिच्या शेजारी मातीत दोन ताजी भोकं होती. दुसरी एखादी पाटी उपटून नेली होती. का?

लांबच्या झाडांवर दोन-तीन कुटुंबं शिडी लावून जांभळं शोधत होती. शोधतच होती; त्यांच्या टोपल्यांत फारसं काही दिसत नव्हतं. पण पाहुण्यांना प्रसादनं घराजवळच्या मोठ्या झाडाखाली नेलं. झाडाखाली चार बांबूंना जाळी बांधली होती. फांदीचा दोर ओढायचा, की पिकलेलं फळ जाळीत पडतं. आणि जाळी भरलेली होती. काळी, टपोरी, तुकतुकीत जांभळं.

"अगं बया!" बाळाबाई म्हणाली आणि दोन जांभळं तोंडात टाकून तिनं डोळे मिटले. "आमच्या डोंगरात बी अशी न्हवती."

"न्हवतीच," जोतीराम म्हणाला.

उज्वलानं पटकन दोर ओढला. वरून चार-पाच जांभळं पडली, बारकी, आणि मोठ्या जांभळांत मिसळून गेली. "आप्पा, खा ना."

जोतीरामनं एक उचललं. थंड होतं. दहा वाजले होते, ऊन जाळीवर पडलं होतं, आणि जांभूळ थंड. दुसरं उचललं. मग ओंजळ भरली आणि जाळीतच परत सोडली. एकही हिरवं नाही. एकही तांबूस नाही. पाखरानं टोचलेलं नाही, चिरलेलं नाही. एक पान नाही, काडी नाही. सगळी एका मापाची. झाड कधी अशी निवड करत नाही. झाडाला जे सुटतं ते सगळं खाली येतं, बरं-वाईट एकत्र. ही निवड माणसाच्या हाताची होती. आणि गुरुवारी रात्री एवढा वारा सुटला होता, की नेरूळला त्यांच्या खिडकीची काच गेली होती. त्या वाऱ्यात कुठलं जांभूळ झाडावर राहिलं असेल?

त्याच्या छातीत ती जुनी ओळखीची ऊब आली. सापडलं.

"प्रसादराव," तो सावकाश म्हणाला, "ही समदी ह्याच झाडाची?"

प्रसादनं तोंड उघडलं. मग मिटलं. त्यानं उज्वलाकडं बघितलं, झाडाकडं बघितलं, स्वतःच्या चपलांकडं बघितलं.

"नाय तं कुनाची?" अरुणा मध्येच म्हणाली. पण तीही हे बोलून तांब्या उचलून आत गेली, आणि तांब्या तर भरलेला होता.

जोतीरामनं बाळाबाईला जरा बाजूला घेतलं. "बाजारातला माल हाय."

"काय?"

"जाळीतला. इकत आणून वतलाय. आपल्याला दाखवाय."

"आवो, जांभळं हायत. खावा की गुमान."

"आज जांभळात फसवतो, उद्या कशात फसवंल?"

बाळाबाईचा चेहरा पडला. तिनं लांबून लेकीकडं बघितलं. "पुरावा हाय का तुमच्याकडं?" ती हळूच म्हणाली. "का नुसता वास आला? पोरीला सांगायचं तर धड सांगा. वासावर सांगू नका. चार टायमाला वासावरच सांगितलंत."

हे त्याला लागलं. "पुरावा दावतो," तो म्हणाला.

हात धुवायच्या निमित्तानं तो घरामागं गेला. मागं पत्र्याची शेड होती. आत शिडी, दोर, आकडी लावलेले बांबू. आणि ताडपत्रीखाली पाच प्लास्टिकचे क्रेट, बुडाला अजून ओले, निळ्या डागांचे. त्यावर पिवळ्या रंगात गाळ्याची खूण होती. तो हसला. ती खूण ओळखायला त्याला चष्मा लागला नसता. ज्या गाळ्यावर तो आणि धनाजी एका पोत्यावर बसून वीस वर्षं माल निवडत होते, त्याच गाळ्याची होती. धनाजी अजून तिथंच होता.

क्रेटच्या मागं भिंतीकडं तोंड करून एक फळी उभी होती. खालचे दोन खुंट मातीनं माखलेले. त्यानं ती फिरवली. खडूनं लिहिलं होतं, 'गुरुवारच्या वाऱ्याने फळ झडले आहे. आज थोडेच मिळेल. आधी झाडे बघा, मग आत या.'

जोतीराम ती फळी हातात धरून उभा राहिला. हे काही जुळत नव्हतं. शहरातनं येणाऱ्या अनोळखी माणसांना फाटकातच खरं सांगणारा माणूस, आपल्यापुरतीच पाटी उपटून ठेवतो? त्यानं फोन काढला आणि धनाजीला लावला.

"जोत्या!" धनाजी ओरडला. "काय रं, आलं का पाव्हणं?"

जोतीरामनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "कसलं पाव्हणं?"

"आरं, काल पोरगी आलती की तुझी. उजा. टेम्पोच घिऊन आलती. म्हनली, आप्पास्नी पाच क्रेट जांभळं लागत्यात, घरी पाव्हणं येणार हायत, चांगली द्या काका. मी म्हनलं, जोत्याच्या घरला खराब माल दीन व्हय? सवता बसून एकेक निवडून दिलंय. एक चिरका दाना दाखव, मिशी काढीन."

"तुला मिशी कुठाय रं?"

"म्हनूनच म्हनतोय!" धनाजी खिदळला. "का रं, माल खराब निगाला का?"

"न्हाय," जोतीराम म्हणाला. "माल चांगला हाय."

फोन बंद करून तो क्रेटवर बसला. डोंगराच्या अंगानं एक विमान खाली येत होतं, नव्या विमानतळाकडं, आणि त्याचा आवाज पत्र्यावरनं घसरत गेला. उज्वला. जी लहानपणी परीक्षेत नापास झाली तर प्रगतीपुस्तक आधी दारात दाखवायची आणि मग चपला काढायची. त्या पोरीनं टेम्पो करून, म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलून, पाच क्रेट जांभळं आणून झाडाखाली ओतली होती. ओतताना तिला ठाऊक असणार की बाप ओंजळ भरून बघणार. तरी ओतली. रिकामं झाड बघून बाप काय म्हणेल, ह्याची तिला त्याहून जास्त भीती होती.

त्याला घाम आला. चाळीस वर्षांत कुठल्या मालानं त्याला असा घाम आणला नव्हता.

पावलं वाजली. प्रसाद शेडच्या तोंडाशी येऊन थांबला. त्यानं फिरवलेली फळी बघितली, क्रेट बघितले, आणि जोतीराम कशावर बसलाय तेही बघितलं.

"काका, एक बोलायचं होतं."

"बोल."

"त्या झाडाखालची जांभळं आमची नाहीत. बाजारातली आहेत. मगाशी तुम्ही विचारलंत तेव्हा मला सांगता आलं नाही. मीच आणली. काल."

जोतीरामनं मान वर केली. "तू आणलीस?"

"हो."

"कुठनं?"

"वाशीहून."

"कुठल्या गाळ्यावरनं?"

"गाळा..." प्रसादनं क्रेटवरच्या खुणेकडं चोरून बघितलं. "ह्याच."

"निवडून कुणी दिली?"

"एक म्हातारे होते."

"मिशीवालं?"

"हो," प्रसाद म्हणाला. "मिशी होती. मोठी."

"आन् उजाला ठावं हाय का हे?"

"नाही!" तो एकदम पुढं आला. "तिला ह्यातलं काही माहीत नाही, काका. तिला कळलं तर ती माझ्याशी बोलायची नाही. चूक माझी आहे. तुम्हाला नाही म्हणायचं तर मला म्हणा, पण तिला रागावू नका."

त्याचे कान लाल झाले होते. हात पुन्हा कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. जोतीराम त्याच्याकडं बघत राहिला. आयुष्यभर त्यानं लबाड माणसं पकडली होती. प्रत्येक जण स्वतःची कातडी वाचवायला खोटं बोलायचा. हा आपलं लग्न मोडेल असं खोटं बोलत होता, आणि तेही इतकं वाईट बोलत होता, की बाजारात एक सकाळ टिकला नसता.

जोतीराम एक शब्द बोलला असता, तर प्रसाद आणि उज्वला, दोघंही उघडी पडली असती. शब्द त्याच्या जिभेवर होता. जोतीरामनं तो गिळला. सवय नव्हती, त्यामुळं जड गेला.

"तुजी सवताची जांभळं कुठायत?" त्यानं विचारलं.

"मागच्या झाडावर आहेत थोडी. वारा लागत नाही तिथं. पण बारीक आहेत."

"दाव."

मागच्या झाडाशी प्रसादनं आकडीनं फांदी वाकवली आणि जोतीरामनं आपल्या हातानं तोडली. हिरवी, तांबूस, एखादं काळं, एक पाखरानं अर्धं खाल्लेलं. काळं त्यानं तोंडात टाकलं. आंबट होतं आणि घसा धरत होतं. त्यानं बी चघळून चघळून साफ केली आणि मगच थुंकली. मग टोपी काढली आणि ती भरेपर्यंत तोडत राहिला.

मोठ्या झाडाखाली तिन्ही बायका उभ्या होत्या. कुणी जांभळं खात नव्हतं. उज्वलाचा हात अजून दोरावर होता. जोतीराम आला, त्यानं टोपी बाळाबाईच्या हातात दिली आणि अरुणाकडं वळला.

"पुढल्या ऐतवारी तुमी नेरूळला या. बोलणी करू. पर मुहूर्त मी काडणार. तुमच्या भटजीवर माझा भरवसा न्हाय."

"काडा की," अरुणा म्हणाली आणि पदरानं डोळे पुसता पुसता हसली. "आमचा तरी कुटं हाय?"

परतीच्या रिक्षात बाळाबाई मध्ये बसली होती. तळोजाचा फाटा गेल्यावर तिनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "एवढा येळ मागं काय करत हुता? काय सापडलं का न्हाय?"

"कायबी न्हाय."

"कायबी न्हाय?"

"शेड हाय. शिडी हाय. दोर हायत."

उज्वलानं वाकून, आईच्या पलीकडून त्याच्याकडं बघितलं. "खरंच काही नाही, आप्पा?"

"न्हाय म्हनलं न्हवं."

तिला ते पटलं नाही. तिनं आधी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग हाताच्या निळ्या बोटांकडं, मग आईच्या मांडीवरच्या टोपीतल्या बारक्या जांभळांकडं. त्यातलं एक उचलून तिनं फिरवून बघितलं, दाबून बघितलं, आणि पुन्हा बापाकडं बघितलं, डोळे बारीक करून. जोतीराम बाहेर रस्त्याकडं तोंड करून बसला. ती नेरूळ येईपर्यंत तशीच बघत होती.