पाळकसाहेब लायब्ररीत येत तेव्हा

पीएच.डी. करताना प्रबंधाची पानं काही केल्या जमत नाहीत, किस्से मात्र न मागता जमतात. आमच्या थिऑलॉजिकल कॉलेजच्या रिसर्च रूममध्ये ख्रिस्ती शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करणारे आम्ही तिघं होतो. हुडकेश्वरहून स्कूटरनं येणारा मी, उमरेडच्या चर्चचे पाळक वाघमारे आणि वयानं आमच्या आईसारख्या साळवेबाई.

आता कुठे लग्नात, नाताळच्या कार्यक्रमात भेट झाली की वाघमारे म्हणतात, "तो साहेबांचा किस्सा सांग ना गा!"

साहेब म्हणजे बाईंचे यजमान. तेही पाळक, पण रिटायर झालेले. मी सांगायला लागतो. सगळे खूप हसतात. मग कोणीतरी विचारतं, चहा सांगू का? आणि चहा येईपर्यंत कोणी बोलत नाही.

*

सुरुवात बाईंच्या प्रपोजलपासून करतो. विषय होता संडे स्कूलमधलं पाठांतर. लहानपणी घोकलेली बायबलमधली वचनं मोठेपणी माणसाजवळ किती उरतात?

आमचे गाइड जोसेफसर मूळचे केरळचे, पण नागपुरात पार मुरलेले. ते म्हणाले, "बाई, शाळेतून रिटायर झाल्या, नातू आहे, आराम करा ना. ह्या वयात पीएच.डी. काहून?"

बाई म्हणाल्या, "सर, आयुष्यभर दर रविवारी पोरांकडून वचनं घोकून घेतली. ज्याले नाही आलं, त्याले चॉकलेट नाही दिलं. बरोबर केलं का चूक केलं, एवढं तरी कळू द्या मले."

वाघमारे लगेच म्हणाले, "बाई, माहं नाव त्यात टाकू नका. मले रविवारचं प्रवचन सोमवारी आठवत नाही!"

सगळे हसले. बाईही हसल्या, पण जरा उशिरा. त्यांच्या घरात विसरणं तेव्हाच सुरू झालं होतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

*

बाई राहायच्या कोराडीला. मुलगा वीज केंद्रात, सून शाळेत, त्यामुळे दिवसा घरी साहेब एकटेच. एकदा ते चप्पल न घालता घराबाहेर पडले आणि भर उन्हात मोठ्या रस्त्यानं चालत सुटले. एका ट्रकवाल्यानं ओळखलं आणि घरी आणून सोडलं. त्यानंतर बाई त्यांना रोज बसनं कॉलेजमध्येच आणायला लागल्या.

लायब्ररीत बाहेरच्या माणसाला बसू देत नसत. आणि लायब्ररियन ढोबळेमॅडम म्हणजे नियमाच्या पक्क्या! मला एकदा पाण्याच्या बाटलीसकट बाहेर काढलं होतं. त्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. साहेब अदबीनं उठले, हात जोडले आणि विचारलं, "आपण कोणत्या मंडळीच्या?"

पाळकांच्या बोलण्यात मंडळी म्हणजे चर्चची माणसं. ढोबळेमॅडमच्या घरी गणपती बसतो. त्या गोंधळल्या आणि म्हणाल्या, "मी गणेशपेठेतली."

"वा! तिथली मंडळी फार चांगली. तुमच्या पाळकांना माझा सलाम सांगा."

"सांगते," मॅडम म्हणाल्या आणि गुपचूप टेबलाकडे परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तेच विचारलं. तिसऱ्या दिवशीही. मॅडम रोज तेवढ्याच गंभीरपणे "सांगते" म्हणायच्या. एके दिवशी साहेबांनी सलाम सांगायच्या आधीच त्या स्वतःहून त्यांच्या खुर्चीपाशी गेल्या.

"साहेब, आमच्या पाळकांनीही तुम्हाला सलाम सांगितला आहे."

साहेब दिवसभर खुशीत होते.

*

एका शुक्रवारी सेमिनार होता. माझा पेपर वाचून झाला होता आणि वाघमारेंचा व्हायचा होता. त्यांची काहीच तयारी नव्हती, ते आधीच घामाघूम. एवढ्यात मागच्या खुर्चीवरून साहेब उठले, दोन्ही हात वर केले आणि खणखणीत आवाजात आशीर्वाद म्हणायला लागले. उपासना संपताना म्हणतात तो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द इकडे तिकडे नाही.

आम्ही सगळे उभे राहिलो. माना खाली. करणार काय?

शेवटचं आमेन झालं. साहेब खाली बसले. जोसेफसरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आशीर्वाद झाल्यावर पेपर कसा वाचायचा? क्लास ओव्हर."

वाघमारे धावत जाऊन साहेबांच्या पाया पडले. "साहेब, पुढच्या शुक्रवारीबी याल गा!"

बाई मात्र बराच वेळ वर बघत नव्हत्या. सकाळी साहेबांना शर्टाची बटणं लावता आली नव्हती, हे त्यांनी नंतर सांगितलं.

*

कँटीनमध्ये आम्ही एकत्र डबे खायचो. बाई साहेबांना भाजी-पोळी कालवून द्यायच्या. एकदा त्या हात धुवायला उठल्या तेव्हा साहेब माझ्याकडे वाकून म्हणाले, "ह्या बाई कोण हो? फार चांगल्या आहेत. रोज माझ्यासाठी डबा आणतात. ह्यांच्या घरी कोणी नाही का?"

बाई मागेच उभ्या होत्या. पदराला हात पुसत त्याच म्हणाल्या, "आहेत ना. थोडे विसरभोळे आहेत."

"अरेरे," साहेब म्हणाले. "मग तुम्ही त्यांच्याजवळ थांबायला पाहिजे. माझं काय, मी जेवीन एकटा."

बाई खाली बसल्या आणि त्यांनी पुढचा घास कालवला.

*

माहिती गोळा करायला बाई उमरेडला गेल्या. साहेबांनी उमेदीची वर्षं तिथे काढली होती. तिथली संडे स्कूलची पोरं आता बाप्ये झाली होती, कोणी खाणीत, कोणी दुकानात. वाघमारे आणि मी बाईंसोबत होतो. वचनं बहुतेकांना आठवत नव्हती. खाणीत काम करणारा एक जण तर ओशाळून डोकंच खाजवायला लागला.

"वचन नाही आठवत बाई. पण माहा बाप गेला तवा मी लहान होतो. मयतीत मोठी माणसं उभी, मले काही दिसेच ना. साहेबानं मले खांद्यावर घेतलं अन् तसंच उभं राहून पूर्ण प्रार्थना केली. मले बाप दिसला."

बाईंनी रेकॉर्डर बंद केला. ही माहिती कोणत्या रकान्यात घालायची, असं त्यांनी जोसेफसरांना विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "रकाना राहू द्या. पहिल्यांदा साहेबांना सांगा."

बाईंनी सांगितलं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. त्यांना काहीच आठवलं नाही. फक्त विचारलं, "तो पोरगा जेवला का?"

*

साहेब उन्हाळ्यात गेले. छातीत कफ झाला, दवाखान्यात ठेवलं, तिथून घरी आले नाहीत.

दफनाची उपासना वाघमारेंनी चालवली. बाईंनीच तसं सांगितलं होतं. वाघमारे म्हणजे आमच्यातले सगळ्यात बोलके. माइक हातात आला की सोडत नाहीत. कबरीपाशी पेटी खाली उतरली, मूठमूठ माती पडली. तेव्हा म्हणायचे शब्द त्यांनी शेकडो वेळा म्हटले असतील. अर्ध्यात आले आणि थांबले. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"पुढचं आठवून नाही राहिलं," ते हळूच म्हणाले.

जोसेफसर पुढे सरकले, पण त्यांच्या आधी बाई बोलल्या. संडे स्कूलमध्ये अडकलेल्या पोराला सांगावं तसं, हळू आवाजात, पुढचं वाक्य त्यांनी वाघमारेंना सांगितलं. वाघमारेंनी ते म्हटलं. मग बाईंनी त्याच्या पुढचं सांगितलं. असं शेवटपर्यंत.

*

त्यानंतर बाई कॉलेजला येईनात. जोसेफसरांना फोनवर म्हणाल्या, "सर, मी सोडून देते. आता कोणासाठी करू?"

सर मला घेऊन कोराडीला गेले. मला वाटलं, समजावतील, उपदेश करतील. सरांनी चहा घेतला, नातवाची शाळा विचारली आणि खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर बघत बसून राहिले. प्रबंधाचं नावसुद्धा काढलं नाही. निघताना बाईच म्हणाल्या, "सर, सोमवारपासून येते. तसंही घरी आता 'तुम्ही कोण' म्हणून विचारणारंही कोणी नाही."

बसमध्ये सर बराच वेळ नाक पुसत होते. म्हणाले, "इथे राख फार."

*

बाईंचा व्हायव्हा झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हात मिळवून "अभिनंदन, डॉक्टर साळवे!" म्हटलं तेव्हा ढोबळेमॅडमनी लायब्ररीला कुलूप घालून टाळ्या वाजवायला धाव घेतली. नंतर कँटीनमध्ये तर्री-पोहे मागवले. वाघमारे साहेबांचे किस्से सांगायला लागले, एकामागून एक. बाई हसत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला एक माहीत नाही. दवाखान्यातला."

आम्ही चमचे खाली ठेवले.

"शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी मी पलंगाजवळ स्टुलावर बसले होते. हे बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मले म्हणाले, 'बाई, एक विचारू? राग नाही ना येणार?' मी म्हटलं, विचारा.

"म्हणाले, 'तुमचं लग्न झालंय का?'

"मी म्हटलं, झालंय.

"'यजमान कसे आहेत?'

"मी म्हटलं, फार चांगले आहेत.

"यांनी तोंड भिंतीकडे केलं. मले वाटलं, झोपले. मग हळूच म्हणाले, 'बरं. मग राहू द्या.'"