मंत्र्यांचा उंबरा

आमच्या मामांइतका निःपक्षपाती माणूस औरंगाबादेत दुसरा झाला नाही, आणि होऊ नये अशी मामींची रोजची प्रार्थना असे. मामा खंडपीठात वकिली करत. न्यायमूर्तीपदासाठी त्यांचं नाव वर गेलं आणि त्याच दिवशी ते मनानं न्यायमूर्ती झाले. लग्नं बंद, दावती बंद. ज्या मटणाच्या नानखलियासाठी ते भर उन्हात शहागंजपर्यंत चालत जात, तो समोर आला असताना पंगतीतून उठून आले, कारण शेजारी एक पक्षकार बसला होता. करमाडच्या एका अशिलानं पेरूंची पाटी पाठवली, ती स्वतः एसटीनं जाऊन परत करून आले. मामींची दूधवाल्याशी पाण्यावरून जुंपली, तेव्हा म्हणाले, फिर्यादी माझी बायको आहे, हे प्रकरण माझ्यापुढं चालू शकत नाही. शेवटी मामींनीच निकाल लावला आणि दूधवाला बदलला.

नेमणुकीचं घोडं मात्र एका मंत्र्यापाशी अडलं. निरोप आला, बंगल्यावर एकदा चहाला येऊन जा, बाकीचं मी बघतो. आम्ही सगळे मामांच्या मागं लागलो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, हेही मी ऐकवून पाहिलं. गंमत म्हणजे मामा त्या मंत्र्याला अजिबात नावं ठेवत नसत.

"शहराला पाणी आणायला त्यानं कुणाकुणाशी जमवून घेतलं, मला माहीत आहे. बरोबरच केलं. पुढाऱ्याला ते करावं लागतं, नियत साफ असली म्हंजे झालं. पण उद्या ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायची वेळ येईल, त्याचा उंबरा मी चढणार नाय."

मामा गेले नाहीत. त्यांचे जिवलग वकीलमित्र गेले, चहा घेऊन आले आणि न्यायमूर्ती झाले. मामांनी त्यांना हार घातला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याबरोबरचं संध्याकाळचं फिरणं थांबवलं. राग म्हणून नव्हे, वकिलानं न्यायमूर्तींशी सलगी ठेवू नये म्हणून. पुढं कितीतरी दिवस दोघं एकाच वेळी फिरायला निघत, पण रस्त्याच्या दोन बाजूंनी.

काही वर्षांनी याच मित्रानं त्या मंत्र्याच्या साखर कारखान्याविरुद्ध, ऊसवाल्यांच्या बाजूनं खणखणीत निकाल दिला. मामांनी तो मला मोठ्यानं वाचून दाखवला. स्वतः खटला जिंकल्यासारखे खूश होते. मी म्हटलं, बघा मामा, चहा पिऊनही नियत साफ राहिली की.

"राहिली. लई चांगलं झालं," मामा म्हणाले. "तरी मी गेलो नसतोच." मग निकालाचं शेवटचं पान पुन्हा एकदा वाचून म्हणाले, "पण असा एक निकाल मला लिहायचा होता रे."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच मला फार वाईट वाटलं.