गाजरगवताचं माहेर

माझ्या सासूचं नाव साखराबाई. हे नाव ज्याने कुणी ठेवलं त्याला माणसाची पारख नव्हती. पंधरा वर्षांच्या संसारात ती माझ्याशी एकदाही गोड बोललेली मला आठवत नाही, आणि मीही काही मागे राहिले नाही. तेव्हा हे सासूचं कौतुक म्हणून कुणी वाचू नये.

मी सौदामिनी, लातूरच्या एका शाळामास्तरांची मुलगी. माझा नवरा शुद्धोधन शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यातला, बौद्ध घरातला. नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आमची गाठ पडली. लग्न केलं तेव्हा माझ्या वडिलांनी मला टाकलं आणि सासूने मला घेतलं नाही. वडिलांचं कारण न सांगता सगळ्यांना कळलं. सासूचं कारण तिने मला तोंडावर ऐकवलं. "तुझ्या घरचे आमच्या घरचं पाणी पीत न्हाईत. मग तू कामून आलीस? मी तुझ्या हातचं पिऊन धन्य व्हावं म्हून?" मी केलेला चहा तिने माझ्यादेखत मोरीत ओतला.

तिचा सगळा जीव चार एकर रानात. बाकीच्यांनी काय ते उरलेल्यात भागवायचं.

बहात्तरच्या दुष्काळात ती दहाबारा वर्षांची पोर होती. आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि अमेरिकेतून पोत्यांनी आलेल्या मिलोच्या, म्हणजे तिकडच्या लाल ज्वारीच्या, भाकरी खायची. गाजरगवत त्याच पोत्यांतून आपल्याकडे आलं असं तिचं ठाम म्हणणं. "एका हातानं भाकर दिली, दुसऱ्या हातानं खाज दिली," असं ती अमेरिकेचं वर्णन करायची. तेही माझ्या ह्यूस्टनच्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून.

लग्न होऊन सासरी आली तर तिथे वीतभर जमीन नाही. तिने आणि नवऱ्याने, म्हणजे ज्ञानोबांनी, गावच्या गायरानातला एक खडकाळ तुकडा दगड वेचून कसायला घेतला. ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला. नवा जिल्हा, नवा कलेक्टर, आता आपलं काम होणार, म्हणून ज्ञानोबा जमीन नावावर करून मिळावी असा पट्ट्याचा अर्ज घेऊन लातूरला गेले. लातूरवाले म्हणाले, तुमचे कागद अजून उस्मानाबादला आहेत. उस्मानाबादवाले म्हणाले, आम्ही कधीच लातूरला पाठवले. दोन जिल्ह्यांच्या मधे एसटीत बसून तो माणूस म्हातारा झाला.

इकडे गावचे पाटील उभ्या ज्वारीत गुरं सोडायचे. गायरान गुरांचं, असं त्यांचं म्हणणं. एकदा ज्ञानोबा आडवे आले, तर पाटलांच्या माणसांनी त्यांचा पाय मोडला. पाटलांचा थोरला मुलगा व्यंकटराव त्यात काठी घेऊन पुढे होता. शुद्धोधन तेव्हा सहा वर्षांचा. तो बांधावरच्या बाभळीखाली उभा राहून बघत होता. तो पाय पुढे कधी सरळ झाला नाही.

पट्टा मिळाला तो बऱ्याच वर्षांनी, आणि जमीन स्वतः कसायची या अटीवर. रान पडीक दिसलं की पाटलांकडून तक्रार ठरलेली. म्हणून साखराबाई रानात गवताची काडी उभी राहू द्यायची नाही. बाकीचं गवत ऐकतं. गाजरगवत ऐकत नाही. आज उपटा, आठवड्याने परत पांढरी फुलं काढून हजर. त्याने तिचे हात कोपरापर्यंत काळे पडले, कातडी फाटली, मानेवर चट्टे उठले. डॉक्टर म्हणाले, या गवताला हात लावू नका. ती डॉक्टरलाच म्हणाली, "मग तुमी येता का उपटायला?" ज्ञानोबा गेले तेव्हा राखही सावडली नव्हती, तर ही रानात वाकलेली, असं गावात सांगतात. मला ते खोटं वाटत नाही.

लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे होती. शुद्धोधनने तिला रब्बीची रास होताच आणली होती आणि आता त्याला तिला परत पाठवायचं नव्हतं. तिकडे प्यायला पाणी नाही, रान करपलेलं, आता इथेच राहा, असं तो रोज म्हणायचा. ती रोज म्हणायची, "मिरगाच्या आदी मला माझ्या रानात सोड." मग त्याने टूम काढली, आईला जहाजातून फिरवून आणू, समुद्राचा वारा लागला की मऊ होईल. बोटीवर पाच दिवस, त्यात एक दिवस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरून जुन्या पिरॅमिडांची सहल. साखराबाईला मऊ करायला अख्खा समुद्र पुरणार नाही हे मी त्याला सांगितलं. माझं कोण ऐकतं?

जहाजावर तिने काही चाखलं नाही. पुऱ्या नि चटणी घेऊन आली होती, ती खायची आणि पोहण्याच्या तलावाकडे बघून म्हणायची, "एवढं पाणी नासून राहिलेत. ह्यांना कुणी इचारत न्हाई?" लोक अंगाला तेल चोळून उन्हात पडलेले पाहिले की तोंड फिरवायची.

मेक्सिकोच्या धक्क्यावर उतरलो आणि सहलीच्या बसने पिरॅमिडांपाशी गेलो. ऊन लातूरसारखंच, वर चिकट घाम. शुद्धोधन आमच्या लेकीला, रमाला, घेऊन वर चढला. सासू म्हणाली, "दगडावर दगड ठेवलेत. मी जलमभर दगडच उचलले, मला नको दावू." म्हणून तिच्याजवळ सावलीत उभं राहायची शिक्षा मला मिळाली. आम्ही दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या होतो.

थोड्या वेळाने वळून बघते तर बाई जागेवर नाही. संडासांच्या मागे, गाड्या लावायच्या जागेच्या कडेला, ती खाली वाकलेली होती. मला वाटलं चक्कर आली. धावत गेले. तर ती एकटक बघत होती. तिच्या पायापाशी गाजरगवत होतं. तीच कातरलेली पानं, तीच बारकी पांढरी फुलं. फक्त आपल्यासारखं कमरेएवढं नव्हे, वीतभर, विरळ, किड्यांनी खाल्लेलं.

"हे इथं कसं आलं?" तिने मला दरडावून विचारलं, जणू मीच आणून लावलं.

आमचा गाईड, पोट सुटलेला एक मिशाळ माणूस, तिथे सिगारेट ओढत होता. त्याला मी इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, हे इथलंच, पहिल्यापासून आहे. माझी आजी तर अंगाला खाज सुटली की हे पाण्यात उकळून त्या पाण्याने अंघोळ घालायची.

आता हे सासूला सांगावं की नाही? दुसऱ्या कुणाच्या सासूला मी सांगितलं नसतं. हिला सांगितलं.

ती हसली. तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा हसताना बघितलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. तिने बाह्या वर केल्या आणि ते काळे, फाटलेले हात त्या माणसाच्या तोंडासमोर धरले. "ह्याला म्हण, तुझ्या आजीला हे दाव." तो दोन पावलं मागे सरला.

"म्हंजी ह्याचं म्हायेर हे," ती म्हणाली. "म्हायेरी कसं गुमान हाय बघ. अन् आमच्या छातीवर माजलं."

आणि तिने पदर खोचला आणि उपटायला लागली. मुळासकट, माती झटकून, एका बाजूला ढीग घालत, रानात घालतात तसा. मी म्हटलं, आई, हात सुजतील. तिने ऐकलं नाही. सहलीतली माणसं जमली. दोघातिघांनी फोन काढून फोटो घेतले. नऊवारीतली एक बाई मेक्सिकोत गवत काढते आहे, बघणारच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात शुद्धोधन खाली उतरला. तोंड लालबुंद. "आई, काय चाललंय? लोक बघून राहिलेत! चल, ऊठ."

"बघू दे."

"अगं हा आपला देश आहे का? कुणाचं गवत उपटतेस?"

"ज्यानं माझा जलम खाल्ला त्याचं. तू हो बाजूला, सुद्या."

त्याने तिचा दंड धरला. तिने हिसडा मारला. मग तो इतक्या जोरात ओरडला की रमा रडायला लागली. "उपट! इथलंच उपट! तिकडं उपटायला तुझ्याकडं काही राहिलेलं न्हाई!"

ती सरळ उभी राहिली. "काय म्हणालास?"

मलाही हे ठाऊक नव्हतं. शुद्धोधनने पाडव्यालाच ते रान व्यंकटरावाला कसायला देऊन टाकलं होतं. फोनवर. ज्याच्या काठीने बापाचा पाय मोडला त्याला.

"त्यानं आपणहून फोन केला, आई," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "म्हणाला, शुद्धोधनराव, तुमची आई आता तिकडंच ऱ्हाणार, रान पडीक पडंल, त्यापरीस मी कसतो. राव म्हणाला मला. साहेब म्हणाला. तो, पाटील, मला साहेब म्हणाला."

साखराबाईने हातातलं गवत खाली टाकलं. "एका रावावर चार एकर दिलंस?"

"त्या रानानं माझ्या बापाचा पाय घेतला. तुझे हात बघ. मला नको ते रान!"

"तुला नको. माझं हाय ते."

सासूची बाजू घ्यायची माझी मुळीच इच्छा नव्हती. पण मला त्या क्षणी नवऱ्याची लाज वाटली, आणि ती मी त्याला तिथेच बोलून दाखवली. रान सासूच्या नावावर असून काय उपयोग? मृगात पेरा व्यंकटरावाचा पडला की गाव म्हणणार, कसतो तो मालक. खेड्यात जन्मलेल्याला हे मी, मास्तरांच्या मुलीने, सांगायचं का? तो म्हणाला, तू मधे पडू नको. मग आम्ही दोघंही मनसोक्त भांडलो. बसमधे तिघं तीन बाकांवर बसलो.

धक्क्यावर पोचलो. समोर पांढरं जहाज, आणि साखराबाई एका सिमेंटच्या कट्ट्यावर बसली. "मी चढत न्हाई. आदी त्याला फोन लाव. माझ्यासमोर. रान माघारी घेतलं म्हून सांग."

"तिकडं आत्ता रात्र आहे, आई. जहाजावर गेल्यावर—"

"जाऊ दे जहाज."

तिचे हात सुजून लाल झाले होते. बाटलीतल्या पाण्याने मी रुमाल भिजवला आणि पुढे केला. तिने तो घेतला नाही. जहाजाचे लोक हाका मारत होते, शिडीवरची रांग संपत आली होती. रमा माझा हात ओढत होती. ही बाई खरंच इथे बसून राहील याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. शुद्धोधनलाही नव्हती. त्याने फोन काढला.

"आमाला बी ऐकू येऊ दे," ती म्हणाली. त्याने स्पीकर लावला.

बऱ्याच वेळाने उचलला. "बोला, बोला, शुद्धोधनराव! एवढ्या रात्रीचं? काय हुकूम साहेब?"

शुद्धोधनने माझ्याकडे बघितलं, बघ म्हणतो की नाही, अशा नजरेने. मग घसा साफ केला. "पाटील, ते रानाचं. आई स्वतः करणार आहे. आपलं जे बोलणं झालं होतं ते राहू द्या. तुम्ही पेरू नका."

पलीकडे बाज करकरली. कुणीतरी खाकरलं.

"काय रे सुद्या, पिऊन बोलून राहिलास काय? नांगरून ठेवलंय मी. तुझ्या बापाला बी एकदा सांगून कळलं न्हवतं. गुमान पड तिकडं."

माझा नवरा मोठा माणूस आहे. त्याच्या हाताखाली पस्तीस-चाळीस गोरे लोक काम करतात. त्याने पाटील समोर उभा असल्यासारखी मान खाली घातली. आजही मला त्या पाटलाचा जितका राग येतो, तितका उभ्या जन्मात कुणाचा आला नसेल.

साखराबाई उठली. तिने त्याच्या हातातून फोन घेतला आणि आरशात बघावं तसा तोंडासमोर धरला.

"व्यंकटी, साखराबाई बोलून राहिले. नांगरलंस ते बरं केलंस, माझं ट्रॅक्टरचं भाडं वाचलं. मिरगाच्या आदी मी येतेय. तवर माझ्या बांधावर पाय ठिवू नको."

पलीकडून तो काहीतरी ओरडायला लागला. फोन कसा बंद करतात हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने तो माझ्याकडे दिला. मी बंद केला.

शुद्धोधन अजून तसाच उभा होता, मान खाली घालून. जन्मल्यापासून तिने त्याला सुद्याशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. लग्नाच्या मांडवातसुद्धा नाही, त्याच्या साहेबांसमोरसुद्धा नाही.

"चल, शुद्धोधन," ती म्हणाली. "जहाज जाईल."