जानेवारीपुरती बायको

गेनियाचा नवरा तिला सोडून गेला, पण दर जानेवारीत न्यायला येतो. दोन तासांपुरती.

नाताळ सरला की आमचे फादर घरोघर आशीर्वाद द्यायला निघतात आणि चर्चचा घंटावाला म्हणून पवित्र पाण्याचं भांडं मी धरतो. घरात टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्त्या आणि सगळं कुटुंब हजर लागतं. गेनियाचा नवरा झेनोन राहतो केशकर्तनवाल्या हालिनाबरोबर. पण पंचायतीचा सभासद म्हणून भाषण करतो ते लग्नाच्या पावित्र्यावर, आणि असं कळवळून करतो की हालिनासुद्धा डोळे पुसते. म्हणून त्या दिवशी हालिना होते आतेबहीण आणि गेनिया बायको. बदल्यात झेनोन गेनियाला थंडीचं सरपण फोडून देतो. फादरना ठाऊक नाही असं नाही. अख्ख्या ओल्शांका गावाला ठाऊक आहे. पण चर्चचं नवं छप्पर झेनोनने मंजूर करून आणलंय, आणि त्याच्याखाली उभं राहून काय बोलणार?

गेनिया शिवणकाम करते. मरियामातेचं निशाण तिनेच भरलेलं, आणि मिरवणुकीत त्याला लोंबणारी फीत धरून चालायचा मान तिचा, अगदी कुमारिका होती तेव्हापासून. मागच्या शरदात तिच्या दोरीवर मधवाल्या विधुर वितोल्डची पँट वाळताना दिसली. झेनोनने लगेच ठराव मांडला, की पापात राहणाऱ्यांनी निशाणाला हात लावू नये. फीत गेली. जिभेने गाव सोलणारी ही बाई त्या दिवशी माझ्यासमोर हुंदके देऊन रडली.

यंदा निवडणूक तोंडावर, म्हणून झेनोनने वर्तमानपत्राचा फोटोवालाही बोलावला. गेनिया मुकाट्याने आली. प्रार्थना झाली, आतेबहीण चहा ओतू लागली. तेवढ्यात गेनियाने विचारलं,

"फादर, मी राहते कुठे?"

फादरना ठसका लागला. झेनोन घाईने म्हणाला, "अगं, इथंच की. माझ्यापाशी."

"म्हणजे पापात नाही?"

फोटोवाल्याने कॅमेरा वर केला. झेनोनच्या टकलावर घाम. "ही माझी लग्नाची बायको आहे, फादर. या घरात पाप नाही."

"नाहीच मुळी, झेनोनदादा," हालिना किटली आपटत म्हणाली. "असतं तर मला दिसलं नसतं का?"

"मग माझी फीत?" गेनियाने विचारलं.

फादरनी झेनोनकडे पाहिलं, झेनोनने कॅमेऱ्याकडे. फादरनी फीत तिला परत देऊन टाकली.

झेनोन निवडून आला. मे महिन्याच्या मिरवणुकीत गेनिया ताठ मानेने फीत धरून चालली होती आणि तिच्या पाठोपाठ वितोल्ड, नवा टाय लावून. कडेच्या बायकांत खसखस पिकली. तसा झेनोन गर्रकन वळला.

"माझ्या बायकोबद्दल बोलताय," तो म्हणाला, "जरा जपून."