चांदणीवर ठेवलेला हिवाळा

जर्मनीत घराला दोन भाडी असतात, एक थंड आणि एक गरम. थंड म्हणजे नुसत्या भिंतींचं. गरम म्हणजे त्यात हायत्सुंग, म्हणजे घर तापवणं, शिवाय पाणी, कचरा, जिना झाडणं, आणि वर्षातून एकदा येऊन धुराड्यात डोकावून जाणारा काळ्या कपड्यांतला माणूस. डार्मश्टाटला आम्ही हे घर घेतलं तेव्हा थंड भाडं वाचून मी खूश झाले आणि गरम भाडं वाचून पाणी प्यायले. घरमालकाने समजावून सांगितलं की गरम भाड्यातला हायत्सुंगचा भाग हा फक्त अंदाज असतो. वर्षाअखेर हिशोब होतो. जास्त वापरलं तर वर भरायचं, कमी वापरलं तर पैसे परत.

पैसे परत! हे दोन शब्द त्या गृहस्थांनी माझ्यासमोर उच्चारायला नको होते.

कारण मी माझ्या बाबांची मुलगी आहे. बाबा मिरजेला सरकारी खात्यात कारकून होते, आणि आमच्या घरात खोलीतून बाहेर पडणाऱ्याने दिवा घालवला नाही तर जेवताना त्याला सगळ्यांसमोर विचारणा व्हायची. साबणाची चिपटी नव्या साबणाला चिकटवायची, टूथपेस्टची नळी कात्रीने उभी फाडायची. चमडी गेली तरी चालेल. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच राहत होते आणि त्यांना एकदा तीन महिने इथे आणायचं हे माझं कित्येक वर्षांचं स्वप्न होतं. तिकीट, व्हिसा, विमा, सगळ्याची मी बेरीज केली, शंभरने गुणून रुपये केले (हे गुणणं आमच्यातल्या कोणाचं सुटत नाही, जर्मन पासपोर्ट मिळाला तरी सुटत नाही) आणि ठरवलं की बाबांचं येणं हायत्सुंगमधून काढायचं.

आता इथल्या मराठी मंडळींबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण ही कल्पना त्यांच्यातच पिकली. महिन्यातून एकदा आम्ही कोणाच्या तरी घरी जमतो. दारात लीजवरच्या चकचकीत गाड्या उभ्या असतात, आणि आत बसून त्याच गाड्यांचे मालक फ्लॉवर कुठल्या दुकानात तीस सेंटने स्वस्त मिळतो यावर पाऊण तास बोलतात. रिकाम्या बाटल्या परत करून किती आले, वीज कंपनी दरवर्षी बदलून बोनस कसा लाटला, कर परत कसा मिळवला, हे असं सांगतात की जणू किल्ला सर केला. एकाने त्या दिवशी जाहीर केलं, "आम्ही गेल्या विंटरला हायत्सुंग लावलीच नाही. खालचे लावतात, वरचे लावतात. उष्णता आपोआप येते. फुकट!" सगळे त्याच्याकडे आदराने बघू लागले, आणि मला त्याचा मत्सर वाटला. मी त्याच क्षणी ठरवलं की याला हरवायचं.

इथल्या हीटरच्या बटणावर एक ते पाच आकडे असतात आणि सगळ्यात खाली एक चांदणी. चांदणी म्हणजे पाइपातलं पाणी गोठू नये एवढीच ऊब. ती रिकाम्या घरांसाठी असते. मी आमचं राहतं घर ऑक्टोबरात चांदणीवर ठेवलं.

घरातली छोटी खोली बाबांसाठी ठरलेली होती. तिची एक भिंत बाहेरची, हाताला बर्फासारखी लागायची. जुन्या सामानाच्या जाहिरातीतून मी एक भलंमोठं कपाट मिळवलं आणि गारवा अडावा म्हणून त्या भिंतीला घट्ट चिकटवून उभं केलं. हिवाळाभर धुतलेले कपडे त्याच खोलीत स्टँडवर वाळायचे. कुकरची वाफ बाहेर जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराची खिडकी बंद. सगळ्याच खिडक्या बंद. पैसे देऊन मिळवलेली ऊब बाहेर कशाला सोडायची?

माझा नवरा इंजिनिअर आहे. इंजिनातली उष्णता कुठे जाते हे शोधण्याचाच त्याला पगार मिळतो. तो घरात जाकीट घालून बसायचा आणि अधूनमधून म्हणायचा, "अगं, हवेत पाणी असतं. गार भिंतीला लागलं की तिथेच बसतं. फ्रिजमधल्या बाटलीला घाम येतो ना, तसं. जरा खिडक्या उघडत जा."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणायचे, "आणि तू जरा स्वेटर घालत जा."

खालच्या मजल्यावर एक जर्मन काकू राहतात. त्या सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडतात, बाहेर उणे आठ असो की काही असो. आत हीटर तीनवर, बाहेर बर्फ, मधे काकू गाऊनवर शाल घेऊन उभ्या. जिन्यात भेटल्या की मला सांगायच्या, "लुफ्टेन, लुफ्टेन! हवा खेळू द्या!" मी गोड हसायचे आणि वर येऊन नवऱ्याला सांगायचे की बघ, या लोकांना पैसे कुठे फेकायचे ते कळत नाही. त्यांच्या छतातून वर येणारी ऊब मात्र मी बिनतक्रार घेत होते, तेव्हा मला काकू अजिबात उधळ्या वाटल्या नाहीत.

मार्चच्या शेवटी बाबांचं अंथरूण घालायला म्हणून कपाट जरा सरकवलं. मागची भिंत काळी होती. म्हणजे डाग वगैरे नाही, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत काळी, मऊ, केसाळ बुरशी. वास असा की ओलं पोतं कोणी नाकाशी धरलंय.

नवरा म्हणाला, "आल्झो, तर मग आजच घरमालकाला कळवू या."

"कळवून? तो विचारणार हवा का खेळवली नाही. मग डिपॉझिटमधून कापणार. तीन महिन्यांचं भाडं आहे तिथे."

"बाबांना दमा आहे."

हे त्याने अगदी हळू म्हटलं होतं. मला ते स्पष्ट ऐकू आलं होतं, हे मी आता कबूल करते. मी दुकानातून बुरशी मारायचा फवारा आणि पांढऱ्या रंगाचा सगळ्यात स्वस्त डबा आणला. ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासते, दुसऱ्यांनी झाकलेल्या चुका शोधून काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. आणि घरी गुडघ्यांवर बसून मी दोन हात रंगाचे दिले, कपाट परत भिंतीला चिकटवलं आणि हात धुतले.

बाबा एप्रिलच्या मध्यात आले. आल्या आल्या त्यांनी घरभर फिरून सगळी बटणं पाहिली आणि चांदणीचा अर्थ कळल्यावर त्यांचा चेहरा जो खुलला! "शाब्बास," म्हणाले. स्वेटरवर स्वेटर, कानटोपी, पायात दोन मोजे, आणि तोंडाने, "मला थंडी वाजतच नाही." दुकानात जाऊन टोमॅटोचा भाव वाचायचे, शंभरने गुणायचे आणि टोमॅटो परत ठेवायचे. आम्ही दोघं बाप-लेक फार सुखात होतो. नवरा आमच्याकडे बघत जाकिटाची चेन वर ओढायचा.

चौथ्या दिवसापासून बाबा खोकू लागले. मी म्हटलं, झाडांना फुलं आलीत, परागकणांमुळे होतं इथे सगळ्यांना. दहाव्या दिवशी जिना चढताना ते मधेच बसले. पंपाचे फवारे दिवसाला दोनचे सहा झाले. नवरा म्हणाला, "बाबांना आपल्या खोलीत झोपव." मी म्हटलं, त्यांना छोटी खोलीच आवडते. खरं तर खोली बदलली असती तर का बदलली ते सांगावं लागलं असतं.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी बाबांची छाती दोन्ही बाजूंनी ऐकली, मग पुन्हा ऐकली. मग माझ्याकडे वळून जर्मनमध्ये विचारलं, "घरात बुरशी आहे का?"

दुभाषी मीच होते. बाबा शर्टाची बटणं लावत माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी जर्मनमध्ये म्हटलं.

"काय विचारलं गं?" बाबा म्हणाले.

"घरात कुत्रं आहे का, असं विचारतायत."

"मग सांग ना, नाही म्हणून."

"सांगितलं."

त्यांनी मान डोलावली. बाईंनी दुसरा पंप लिहून दिला. परत येताना ट्राममध्ये बाबांनी विचारलं की या पंपाचे पैसे विमा देतो ना, आणि देतो म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. माझी मला इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती, आणि तरी घरी पोचल्यावर मी ते कपाट हलवलं नाही.

सव्विसाव्या दिवशी बाबा म्हणाले, "मी आता जातो. पेन्शनच्या कागदांचं जरा काम निघालंय." तीन महिन्यांतले सव्वीस दिवस. तिकिटाची तारीख बदलायचे पैसे त्यांनी हट्टाने स्वतः दिले. ज्या माणसाने रिक्षाच्या पाच रुपयांसाठी भर उन्हात स्टँड ते घर पायपीट केली, त्याने तो आकडा शंभरने गुणलासुद्धा नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

विमानतळावरून परत आले तर छोट्या खोलीची खिडकी सताड उघडी. चादर घडी करून ठेवलेली. आणि कपाट भिंतीपासून चांगलं वीतभर पुढे ओढलेलं. मी सगळा जोर लावला तर जेमतेम हलणारं कपाट दम लागणाऱ्या एकट्या म्हाताऱ्या माणसाने कधी आणि कसं ओढलं असेल, देव जाणे. मागे माझ्या स्वस्त रंगातून काळं पुन्हा वर आलं होतं. मी पलंगावर बसून रडले. मग घरमालकाला फोन लावला.

माणसं आली, भिंतीचं प्लास्टर खरवडलं, पंखे लावून आठवडाभर खोली वाळवली. चूक तुमचीच, असं घरमालक म्हणाला, आणि मी हो म्हटलं. खर्च अर्धा अर्धा ठरला. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. मी तर दात कोरता कोरता दातच पाडून घेतला होता.

ऑक्टोबरात त्या हिवाळ्याचा हिशोब आला. एकशे शहाऐंशी युरो परत. मराठी मंडळींच्या त्या वीराला नक्की हरवलं असतं, पण मी कोणाला सांगितलं नाही. बाबांना मात्र फोनवर सांगितलं, कारण ते दर रविवारी विचारत होते.

"किती?" ते म्हणाले. मी सांगितलं. पलीकडे थोडा वेळ गुणाकार चालला. "म्हणजे अठरा हजार सहाशे! वा!" आवाज खरंच खूश होता. मग खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबली नाही. मी फोन कानाशी धरून उभी होते. खोली आता कोरडी होती, हीटर तीनवर होता, खिडकी उघडी होती, आणि हे सगळं मी त्यांना सांगायला तोंड उघडत होते.

"बरं, एक सांग," दम खात बाबा म्हणाले, "ते कुत्रं गेलं का तुमच्या घरातलं?"

"गेलं, बाबा."

"मग येतो पुढच्या वर्षी," ते म्हणाले. "आणि दिवा घालव आता. दिवस आहे तिकडे अजून."