चौथ्या मजल्यापर्यंतची लाइन

निलोफरचा फोन आला तेव्हा मी जेवून आडवा होत होतो. "काका, अब्बा गेले," ती म्हणाली. मग जरा थांबून, "घरीच गेले..." त्या दुसऱ्या वाक्यात दुःखाबरोबर आणखी काहीतरी होतं. हरलेल्या माणसानं समोरच्याला मान द्यावा, तसं. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की इकबालभाईंची आजाराशी चाललेली झुंज अपयशी ठरली. मी ग्रुपवर कधी काही लिहीत नाही. आता महिना होऊन गेलाय, म्हणून इथे लिहितो : हे साफ खोटं आहे. फुफ्फुसं संपत आली आहेत, हे त्यांनी डॉक्टरांसमोर कधीच मान्य करून टाकलं होतं. भांडण होतं ते कुठे मरायचं यावरून, आणि ते त्यांनी जिंकलं.

आमच्या इमारतीत ते चौथ्या मजल्यावर, मी पहिल्यावर. उमेदीची वर्षं त्यांनी आखातात मोठमोठ्या बांधकामांवरचे जनरेटर सांभाळण्यात घालवली आणि मग नवीन पनवेलला, विचुंब्याच्या रस्त्याला घर घेतलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला. मी कुणाला कधी शिकवलं नाही, पण चष्म्यामुळे असेल, पहिल्या भेटीपासून ते मला मास्तर म्हणायचे. नम्रपणा त्यांच्यात औषधालाही नव्हता. शेवटच्या वर्षात घरी ऑक्सिजनचं यंत्र लागलं. त्याला अखंड वीज हवी. निलोफर फार्मासिस्ट, तिला धोका कळत होता. हॉस्पिटलातच राहा, असं तिचं म्हणणं. भाईंनी कमिटीशी भांडून सोसायटीच्या जनरेटरवरून थेट आपल्या खोलीपर्यंत वेगळी लाइन ओढून घेतली. लेकीनं अट घातली, "जनरेटर बंद पडला, त्या दिवशी मी तुमचं काही ऐकणार नाही, अब्बा." त्यांनी ती कबूल केली.

मे महिन्यात एका सकाळी दुरुस्तीसाठी वीज गेली ती दिवसभरासाठी, आणि जनरेटर सुरू होईना. स्टार्टर फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. नेहमीच्या मेकॅनिकनं फोनवरच निकाल दिला, डिझेल पंप गेलाय, उतरवून न्यावा लागेल. वर भाईंना तात्पुरता छोटा सिलिंडर लावला होता. मी पोचलो तेव्हा निलोफर बॅग भरत होती.

"भर, भर," भाई धापा टाकत म्हणाले. "तुला वेळ लागेलच. तोवर मास्तर खाली जाऊन येईल."

"काकांना काय कळतं त्यातलं?"

"काही कळत नाही. म्हणून तर सांगेन तेवढंच करेल."

जनरेटरची खोली कंपाउंडच्या भिंतीला लागून आहे. तिथे आमचा वॉचमन हरीदादा घामानं थबथबून उभा होता. मी फोन स्पीकरवर टाकून इंजिनावर ठेवला. भाईंचा पहिला अंदाज होता, पंपापर्यंत डिझेलच येत नसेल. हरीदादानं पाइपचा नट सैल केला तर डिझेल भसाभसा बाहेर आलं. "चुकलो," वरून आवाज आला. "पुढे. आता स्टार्टर मारायचा नाही. मास्तर, नुसती चावी ऑन कर आणि पंपाजवळ कान ने. खट वाजलं?"

वाजलं नाही. पुन्हा केलं, तरी नाही.

पंपाच्या अंगाला सॉलेनॉइड नावाचं मुठीएवढं विजेचं चुंबक असतं. चावी ऑन केली की ते एक दांडी ओढतं आणि इंजिनात डिझेल जायची वाट उघडते. भाईंना ऐकायचा होता तो त्या ओढण्याचा आवाज. मग त्यांनी टेस्ट लॅम्प लावायला सांगितला. सॉलेनॉइडच्या वायरीवर दिवा लख्ख पेटला. वीज पोचत होती, चुंबक ओढत नव्हतं. "हात लाव त्याला." मी लावला आणि झटकन मागे घेतला. तापलं होतं, जळकट वासही येत होता. मी तसं फोनवर सांगितलं.

"चावी ऑन कोण ठेवतं, हरी?"

हरीदादा जमिनीकडे बघत म्हणाला, "मीच, भाई. आठवडा झाला, ऑनच ठेवतो. लाइट गेली का पटकन चालू व्हावा. तुमाला तरास नको म्हनून."

"अरे वेड्या, इंजिन बंद आणि कॉइल दिवसरात्र तापत बसली. माझ्या काळजीनं जाळलीस तिला." ते हसायला लागले, हसता हसता खोकायला. "तयार राहायचं तर बंद करून राहावं, बाबा. मास्तर, दांडी हातानं ओढ आणि तारेनं बांधून टाक. हरी, मार स्टार्टर."

इंजिनानं लगेच पकडलं. पण भाईंनी बजावलं, की आता ते चावीनं बंद होणार नाही आणि बिघडलं तरी आपणहून थांबणार नाही. आवाज बदलला तर तार सोडायची, तोवर तिथून हलायचं नाही. हरीदादा स्कूटर घेऊन कळंबोलीला सुट्या भागांच्या दुकानांत नवा सॉलेनॉइड शोधायला गेला. मी तारेजवळ उभा राहिलो. त्या गोंगाटात नेहमीसारखं पुस्तक वाचणं शक्य नव्हतं आणि मला त्याची आठवणही झाली नाही. बऱ्याच वेळानं निलोफर चहा घेऊन खाली आली. "बॅग परत रिकामी केली," ती माझ्या कानाशी ओरडली. "तुम्ही दोघं मिळून वेड लावणार मला."

"मी फक्त तार बांधली," मी म्हणालो.

नंतरचे काही आठवडे लोक भेटायला यायचे आणि चेहरे पाडून पलंगाशी बसून राहायचे. भाई त्यांना उठवायचे. "माझ्यापाशी ऑन राहून काय करताय? जा, जेवा." ते गेले त्या दुपारी खोलीत फक्त त्यांच्या पत्नी, झुबेदाभाभी होत्या, शेंगा सोलत. भाईंना तसंच हवं होतं.

गेल्या आठवड्यात सोसायटीची सभा झाली. एकानं सुचवलं, आता पेशंट राहिला नाही, तर ती लाइन काढू आणि जनरेटरही विकून टाकू, कुणाला गरज आहे? मी उभा राहिलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "मला आहे," मी म्हणालो. "मलाही घरीच मरायचंय. यंत्र लागलं तर ते याच जनरेटरवर चालेल." कुणीतरी हसलं, कुणी म्हणालं, काका, असं अभद्र बोलू नका. मी म्हणालो, यात अभद्र काही नाही, आणि तुमच्यापैकीही कुणाला हे हवं असेल, आज नाही तर पुढे. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेलाय. तेव्हाही मी उभा राहणार आहे.

दर रविवारी सकाळी जनरेटर आता मी चालवून बघतो. भाईंच्या खोलीत ऑक्सिजनचं यंत्र जिथे लागायचं, त्या प्लगला भाभींनी टेबल फॅन जोडून ठेवलाय. इंजिन स्थिर झालं की मी वरच्या लाइनचा खटका टाकतो आणि अंगणात येऊन थांबतो. थोड्या वेळानं भाभी खिडकीत येतात आणि खाली वाकून सांगतात, "मास्तर, फिरतोय."